सोळा वेळा हं

१

बुधवारी सकाळी प्रयोगशाळेच्या मोठ्या डॉक्टरांनी स्वतःच्याच नावाचा एक अहवाल दोनदा वाचला, चष्मा काढून पुसला, तिसऱ्यांदा वाचला आणि म्हणाले, "हा मी दिलेला नाही."

अहवालाच्या कोपऱ्यात हिरवी खूण होती. त्या हॉस्पिटलात हिरवी खूण म्हणजे ब्रह्मवाक्य. संगणकाने सही तपासली, ती डॉक्टरांचीच निघाली, विषय संपला. पण यावेळी विषय संपला नाही, सुरू झाला.

अहवाल दोन भावांचा होता. थोरल्याची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती आणि धाकटा आपलं एक देणार होता. शस्त्रक्रियेआधी दोघांचं रक्त एकत्र ठेवून बघायची एक शेवटची चाचणी असते. अहवालात लिहिलं होतं, 'जुळत नाही'. शस्त्रक्रिया रद्द झाली आणि थोरला आठवड्यातून तीनदा डायलिसिसच्या यंत्राला जोडून घेत राहिला. सहा आठवड्यांनी, अनोळखी दात्यांच्या प्रतीक्षायादीत त्याचं नाव घालायचं म्हणून जुने कागद मोठ्या डॉक्टरांपुढे आले, आणि ही भानगड बाहेर पडली. त्यांच्या हाताच्या वहीत त्याच चाचणीपुढे लिहिलेलं होतं, 'जुळतं. उत्तम.'

दुपारपर्यंत गुन्हेगार ठरलाही. प्रयोगशाळेत रक्त घेणाऱ्या आणि संगणक सांभाळणाऱ्या बाई. एकोणीस वर्षांची नोकरी. सुई टोचलेली कळत नाही म्हणून रुग्ण त्यांना 'मऊ हाताची ताई' म्हणायचे. त्यांना घरी बसवलं आणि शुक्रवारी चार वाजता चौकशी समितीची बैठक ठेवली. तिथे दोष पक्का झाला, तर नोकरी तर जाणारच, पण नोंदणीही रद्द होणार होती. म्हणजे पुन्हा कुठल्याही प्रयोगशाळेत सुईला हात लावायचा नाही.

मी या सगळ्यात कुठून आले? डॉक्टरांना सहीची कार्डं देणारी जी कचेरी आहे, तिथली मी तपासनीस. निवृत्तीला चौदा महिने उरलेत, गुडघे त्याआधीच निवृत्त झालेत. कचेरीत माझ्या मागे मला 'खडूस मावशी' म्हणतात, आणि मला ते पाठ आहे हे त्यांना ठाऊक नाही.

गुरुवारी सकाळी मी हॉस्पिटलात पोचले, तेव्हा माझ्यापुढे दोन कागद ठेवण्यात आले. एकावर मोठ्या डॉक्टरांच्या खऱ्या प्रमाणपत्राचा ठसा, दुसऱ्यावर त्या अहवालातल्या प्रमाणपत्राचा. नाव तेच, हुद्दा तोच, हॉस्पिटल तेच.

ठसे मात्र पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वेगळे होते.

२

ठसा म्हणजे काय, ते आत्ताच सांगून टाकते. मग मध्ये मध्ये थांबायला नको.

सहीचं प्रमाणपत्र म्हणजे एक छोटी फाइल. तिच्यात नाव, हुद्दा, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत चालेल ते, आणि सही तपासायची किल्ली. अशी फाइल कुणीही घरच्या संगणकावर पाच मिनिटांत बनवू शकतो. नाव कुणाचंही घाला, संगणक विचारत नाही. म्हणून ठसा. त्या अख्ख्या फाइलवर एक ठरलेलं गणित चालवलं की चौसष्ट आकडे-अक्षरांची एक ओळ निघते. फाइलमधल्या वेळेतलं एक मिनिट इकडचं तिकडे करा, ओळ पार बदलते. आणि हवी ती ओळ निघावी अशी फाइल बनवायची म्हटलं, तर सात जन्म पुरायचे नाहीत. नावाची नक्कल होते, ठशाची होत नाही.

पण ठशाचा उपयोग तेव्हाच, जेव्हा तो कुणीतरी ताडून बघतो. डॉक्टरांचं कार्ड दर दोन वर्षांनी नवं होतं आणि नव्या कार्डाबरोबर ठसाही नवा येतो. त्या हॉस्पिटलात नियम असा, की नवं प्रमाणपत्र आलं, की प्रयोगशाळेने डॉक्टरांना फोन करायचा, ठसा ताडायचा, वहीत सही करायची आणि मगच ते संगणकाच्या 'विश्वासू' यादीत घालायचं. यादीत गेलं की हिरवी खूण.

खोटं प्रमाणपत्र यादीत घातलं होतं मऊ हाताच्या ताईंनी. वहीत त्यांची सही होती, 'फोनवर ठसा ताडला'.

मी त्यांना हॉस्पिटलच्या मागच्या कँटीनमध्ये बोलावलं. आत यायची त्यांना मनाई होती. चहा आला, त्यांनी कप हातात धरला आणि प्यायला विसरल्या.

"सहा आठवड्यांपूर्वीच्या सोमवारी सकाळी प्रयोगशाळेच्या मेलवर ती फाइल आली," त्या म्हणाल्या. "'कार्ड नवं झालंय, जोडून घ्यावं', एवढंच लिहिलं होतं. खाली मोठ्या डॉक्टरांचं नाव."

"ती मेल कोण कोण वापरतं?"

"सगळेच. मी, डॉक्टर, समन्वयक सर, वॉर्डातल्या सिस्टर. पासवर्ड भिंतीवर चिकटवलाय, मॅडम."

भिंतीवरचे पासवर्ड हा माझ्या आयुष्यातला जुना आजार आहे.

"मग?"

"मग मी पावणेअकराला डॉक्टरांना फोन लावला. ठसा ताडला. तेव्हाच सही केली." त्यांनी पर्समधून एक चिठ्ठी काढली. "ही ठेवलीय मी. का ठेवली ते माहीत नाही. मला कागद टाकवत नाहीत."

चिठ्ठीवर त्या चौसष्ट अक्षरांचे चार-चारचे सोळा गट होते, शाळेच्या फळ्यावर असावेत तसे सुबक. प्रत्येक गटापुढे पेन्सिलीने एकेक बरोबरची खूण.

"मॅडम, आमच्या घरी सासरे अंथरुणाला खिळलेले आहेत," त्या एकदम म्हणाल्या. "त्यांना मी अजून सांगितलं नाही. आज सकाळीही डबा घेऊन निघाले आणि बागेत जाऊन बसले. एकोणीस वर्षांत मी बाटलीवर चुकीची चिठ्ठीसुद्धा लावली नाही हो!"

मला असं रडणं बघवत नाही. मी खडूस आहे ती बहुतेक त्यामुळेच. "चहा प्या," मी म्हणाले. "थंड चहासारखी दुसरी शिक्षा नाही."

३

मोठे डॉक्टर खरोखरच मोठे होते. उंचीने, नावाने आणि आवाजाने. त्यांच्या टेबलावर सूक्ष्मदर्शक होता आणि भिंतीवर मानपत्रं.

"फोन आला होता," ते म्हणाले. "मी नाकारत नाही. मी माझा ठसा तिला अक्षर न् अक्षर वाचून दाखवला. पुढे तिने काय लिहून घेतलं, ते तिलाच माहीत."

"तुम्ही वाचलात? त्यांनी नाही?"

"मीच. नियमच आहे तसा."

"कुठून वाचलात?"

"कुठून म्हणजे? कार्डाबरोबर कागद येतो, त्याच्यावर छापलेला असतो. तुमच्याच कचेरीचा कागद."

"नव्या कार्डाबरोबरचा?"

"अर्थात नव्या. जुना वाचून काय करू? बाई, मला तुमच्या कामातलं कळतं थोडंफार."

त्यांनी सूक्ष्मदर्शकात डोळा घातला. म्हणजे आता तुम्ही निघा.

मी निघाले, पण जिन्यातच थांबले. दोघांपैकी एकजण खोटं बोलत होता हे तर उघड होतं. ताई म्हणतात ताडला, डॉक्टर म्हणतात मी वाचला आणि तिने बदलला. एकीकडे एकोणीस वर्षांची नोकरी, दुसरीकडे चाळीस वर्षांचं नाव. समिती कुणावर विश्वास ठेवणार हे सांगायला ज्योतिषी नको.

मी चिठ्ठी पुन्हा काढली. समोरचा सांगतोय आणि आपण लिहून घेतोय, असं असतं तर अक्षर इतकं सुबक आलं असतं का? आणि गटागटापुढे बरोबरची खूण कशाला केली असती? लिहून घेणारा खुणा करत नाही. खुणा करतो वाचणारा.

मी कचेरीत फोन लावला. "मोठ्या डॉक्टरांचं नवं कार्ड आपण पाठवलं कधी?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "मावशी, त्या आठवड्यात... बुधवारी निघालंय. त्यांना मिळालं गुरुवारी. पोचपावतीवर त्यांचीच सही आहे."

आणि ताईंचा फोन सोमवारचा.

सोमवारी ज्यांच्या हातात नवं कार्डच नव्हतं, ते डॉक्टर ठसा वाचत होते तरी कुठून?

४

लगेच वर जाऊन डॉक्टरांना धरावं असं वाटलं होतं. पण आमच्या आजी म्हणायच्या, दूध उतू जाताना झाकण ठेवू नये. मी आधी समन्वयकांकडे गेले.

प्रत्यारोपणाचा समन्वयक म्हणजे देणारा आणि घेणारा यांच्या मधला माणूस. शिडशिडीत, चाळिशीचा, डोळ्यांखाली काळं. त्याच्या खोलीबाहेरच्या बाकावर एक तरुण बसला होता, गुडघ्यांवर कोपरं टेकून. आतून एका बाईचा आवाज येत होता.

"म्हणजे जुळत होतं! सहा आठवडे फुकट गेले! ज्या बाईने हे केलं, तिला मी सोडणार नाही!"

ती बाहेर पडली ती सरळ त्या तरुणाजवळ. "भावोजी, ऐकलंत? जुळतंय! मी म्हटलं नव्हतं? सख्ख्या भावाचं नाही जुळणार तर कुणाचं?" तिचे डोळे भरून आले होते. ती थोरल्याची बायको होती, आणि सहा आठवड्यांत पहिल्यांदाच तिला हसू आलं असावं.

धाकटाही हसला. तसलं हसू मी फोटो काढून घेणाऱ्या लोकांच्या तोंडावर पाहिलंय.

आत समन्वयकाने मला खुर्ची दिली. आवाज मऊ, वागणं नम्र.

"मला त्या संगणकातलं काही कळत नाही हो," तो म्हणाला. "मी माणसांचं काम करतो. पण एक सांगतो, त्या ताई असं करणार नाहीत. तुम्ही त्यांना वाचवा."

"त्यासाठीच आलेय. समितीने तुम्हाला काय काय दाखवलं?"

"हे दोन ठसे. बाकी काही नाही." त्याने तेच दोन कागद दाखवले. "मला वाटतं, कुणाची तरी गफलत झाली असेल. एवढा गहजब कशाला? ते प्रमाणपत्र तर केव्हाच संपलंय. त्याच्यावर आता कुणी काही सही करू शकणार नाही. नुसती एक चूक झाली असं लिहून मिटवता नाही का येणार?"

"चूक म्हणून मिटवलं, तर ती ताईंची चूक होईल."

टेबलावरची टाचणी उचलून त्याने परत टाचणीच्या डबीत टाकली, मग दुसरी, मग तिसरी.

"शुक्रवारी चार वाजता ना?" त्याने विचारलं.

५

संध्याकाळी पाचला मी पुन्हा मोठ्या डॉक्टरांच्या दारात उभी राहिले. पोचपावतीची प्रत त्यांच्या टेबलावर ठेवली आणि काहीच बोलले नाही. गप्प बसणं हे माझं एकमेव हत्यार, आणि ते मी चौतीस वर्षं परजलंय.

त्यांनी तारीख पाहिली. मग सूक्ष्मदर्शकाचा दिवा बंद केला.

"नवं कार्ड यायचंच होतं," ते म्हणाले. आवाज एकदम घरच्यासारखा झाला होता. "मीच अर्ज केला होता. ती म्हणाली फाइल आलीय. मला वाटलं, तुमच्या कचेरीने आधी फाइल पाठवली असेल आणि कार्ड मागून येईल."

"आणि ठसा?"

"ती वाचत होती. माझा डोळा इथे होता, फोन टेबलावर. एका मुलीच्या मज्जेच्या पेशी बघत होतो. ती चार अक्षरं वाचायची आणि थांबायची."

"आणि तुम्ही?"

"हं म्हणायचो."

"सोळा वेळा?"

"असेन म्हणालो सोळा वेळा." त्यांनी कपाळावर हात ठेवला. "एका पेशीसाठी मी अर्धा-अर्धा तास घालवतो, बाई. शंका आली तर दुसरी काच मागवतो. आणि तिथे नुसतं हं, हं! काल हे उघड झालं तेव्हा मला आधी तेच आठवलं. आणि तोंडातून भलतंच गेलं."

या हॉस्पिटलात सहा वर्षं हे असंच चालत आलं होतं. विचारणाराच उत्तर वाचून दाखवणार आणि ज्याला विचारायचं तो मान डोलावणार. खरं तर ताईंनी ठसा झाकून ठेवायचा आणि डॉक्टरांनी आपल्या कागदावरून वाचायचा. पण मोठ्या डॉक्टरांना चौसष्ट अक्षरं वाचायला लावायची, हे कुणाच्या जिभेवर येणार? ताईंना वाटलं आपण मान राखतोय, डॉक्टरांना वाटलं काम आटोपतंय. या फटीतून कुणीतरी अलगद आत शिरलं होतं.

कोण? मी पहिल्यांदाच ती खोटी फाइल पूर्ण उघडली. समितीने नुसता ठसा छापून घेतला होता, आतलं कुणी वाचलंच नव्हतं. फाइल बनवल्याची वेळ सोमवारी सकाळी दहा वाजून दहा मिनिटं. रक्त घेण्याच्या खोलीतली वही मी मागवली. साडेनऊ ते साडेदहा ताईंनी अकरा जणांचं रक्त घेतलं होतं, प्रत्येकाची वेळ लिहिलेली. दहा वाजून दहाला त्यांच्यापुढे एक आजोबा होते आणि संगणक दोन दारं पलीकडे. ताई सुटल्या, निदान माझ्यापुरत्या.

मग मी पुढची ओळ वाचली आणि खुर्चीत सरळ बसले.

प्रमाणपत्राची मुदत होती सात दिवस.

आमची कार्डं दोन वर्षं चालतात. खोटी किल्ली बनवणारा माणूस ती दहा वर्षांची बनवेल, लागेल तेव्हा वापरायला. याने सात दिवसांची बनवली, त्या किल्लीने एकच सही केली आणि ती मरू दिली. हा चोर नव्हता. एकदाच खोटं बोलायचं आणि पुन्हा बोलता येऊ नये अशीही सोय करून ठेवायची, असा हा माणूस होता.

आणि खोटंही कसलं निवडलं होतं? धाकट्याला आजार आहे असं लिहिलं असतं तरी शस्त्रक्रिया थांबली असती. पण मग तो घाबरला असता, घरचे त्याला डॉक्टरांकडे नाचवत बसले असते. 'जुळत नाही' यात कुणाचाच दोष नाही. देणारा ठणठणीत, घेणारा निर्दोष. इतकं हलक्या हाताने खोटं लिहायला प्रत्यारोपणातलं ज्ञान लागतं आणि माणसांची माया लागते.

फाइलची मुदत मी आत्ता, या क्षणी वाचत होते. आमच्या सगळ्या फायली दोन वर्षं चालतात. मग 'ते प्रमाणपत्र तर केव्हाच संपलंय' हे दुपारी एका माणसाला कसं ठाऊक होतं?

६

शुक्रवारी सकाळी मी समन्वयकाच्या खोलीत शिरले, तेव्हा तो टेबल आवरत होता. खणातल्या वस्तू पिशवीत भरून झाल्या होत्या.

"सात दिवस," मी म्हणाले.

तो खाली बसला. नाकारायचा प्रयत्नही केला नाही. मला उगीचच त्याच्याबद्दल बरं वाटलं.

"तुम्हाला आमची जुनी पद्धत माहीत नसेल," तो म्हणाला. "देणाऱ्याला आम्ही एकट्याला बसवून विचारतो, मनापासून देताय ना? दहांतले एक-दोघं तिथे रडतात. घरी सगळ्यांपुढे हो म्हटलेलं असतं, आता नाही कसं म्हणणार? मग आमचे जुने सर्जन बाहेर जाऊन घरच्यांना सांगायचे, 'यांचं चालणार नाही.' बस. का, कसं, काही नाही. कागद नाही, सही नाही. घरचे दुसरा मार्ग शोधायचे आणि त्या माणसाची घरातली जागा शाबूत राहायची."

"मग आता?"

"आता प्रत्येक अहवाल घरच्यांच्या मोबाइलवर जातो. तोंडी सांगितलेलं कुणी मानत नाही. वहिनी म्हणाल्या, चालणार नाही तर कागद दाखवा. मी नाव न सांगता मोठ्या डॉक्टरांना विचारून बघितलं होतं. ते म्हणाले, 'मी खोट्यावर सही करणार नाही.' त्यांचं बरोबरच आहे." त्याने हाताचे तळवे एकमेकांवर घासले. "तो पोरगा इथे, या खुर्चीत, दीड तास थरथरत होता, मॅडम. म्हणाला, टेबलावर झोपलो तर उठणार नाही असं वाटतं. आणि नाही म्हटलं तर दादाच्या मरणाला मी कारण. मी एक संध्याकाळ बसून शिकलो, प्रमाणपत्र कसं बनवतात ते."

"आणि ताई?"

"मला वाटलं, डॉक्टर म्हणतील हा माझा ठसा नाही, आणि सगळं तिथेच थांबेल. खरं सांगतो, थोडी आशाच होती तशी. ते हो म्हणाले. मग मला मागे फिरता आलं नाही." त्याने वर पाहिलं. "मी आज कबूल करतो. पण का केलं ते विचारू नका आणि सांगू नका. त्याचं घर मोडेल."

मी शब्द द्यायला नको होता. पण दिला.

७

चार वाजता बैठकीची खोली भरली होती. टेबलाच्या डोक्याशी समितीचे अध्यक्ष, शिस्तीचे, कागदाला कागद लावून बसलेले. एका बाजूला मोठे डॉक्टर आणि समन्वयक. दुसऱ्या बाजूला तक्रारदार म्हणून थोरला, खुर्चीत पाठीला उशी लावून, त्याची बायको, आणि दाराजवळ धाकटा. मऊ हाताच्या ताई भिंतीशी, मांडीवर डब्याची पिशवी घट्ट धरून.

मी दोन ठसे दाखवले, चिठ्ठीवरच्या खुणा दाखवल्या, पोचपावती दाखवली. मोठे डॉक्टर उभे राहिले. "मी न बघता सोळा वेळा हं म्हणालो, आणि बुधवारी खोटं बोललो," त्यांनी सांगितलं आणि खाली बसले. चाळीस वर्षांच्या नावातून एवढं वजा करून घेणं सोपं नसतं.

मग समन्वयक म्हणाला, "प्रमाणपत्र मी बनवलं. अहवालही मीच लिहिला. ताईंना काही माहीत नव्हतं."

"का?" अध्यक्षांनी विचारलं.

समन्वयक गप्प.

"तुमचा या कुटुंबाशी संबंध? वैर? काही लाभ?"

अध्यक्षांनी लेखणी खाली ठेवली. "म्हणजे बघा. कारण नसताना एक माणूस गुन्हा अंगावर घेतो. आणि ज्या बाईंच्या हातून ते प्रमाणपत्र यादीत गेलं, त्यांना 'काही माहीत नव्हतं' म्हणतो. मला हे दोघांनी मिळून केलेलं दिसतं. बाई, तुमच्या ठशात कारण दिसतं का?"

"नाही," मी म्हणाले. "ठसा फाइल कुठली ते सांगतो. का ते सांगत नाही."

"मग दोघांचीही नोंदणी रद्द करण्याची शिफारस..."

ताईंच्या हातातली पिशवी खाली पडली. डबा जमिनीवर गडगडत गेला. मी समन्वयकाकडे पाहिलं. त्याने डोळे मिटून घेतले होते. माझ्या जिभेच्या टोकावर सगळं आलं होतं. शब्द मोडणार होते, देवाशपथ मोडणार होते.

"थांबा," दाराजवळून आवाज आला.

धाकटा पुढे आला. त्याने आधी वाकून डबा उचलला, ताईंच्या हातात दिला आणि तिथेच, त्यांच्याजवळ उभा राहिला.

"माझ्यासाठी केलं त्यांनी. मला द्यायचं नव्हतं. मला भीती वाटत होती. अजून वाटते." "मी घरी हो म्हटलं आणि इथे येऊन रडलो. या ताईंनी माझं रक्त घेतलं होतं. मी हात मागे घेतला, तर म्हणाल्या, भीती वाटली तर सांगा, आपण थांबू. तेवढं मला कुणीच म्हटलं नव्हतं. त्यांची नोकरी घालवू नका."

वहिनी उठून उभी राहिली. "भावोजी, तुम्ही..." एवढंच म्हणाली, आणि नवऱ्याकडे वळली.

थोरला इतका वेळ टेबलाकडे बघत होता. आता त्याने भावाकडे पाहिलं.

"घरात सगळ्यांनी तुला विचारलं," तो म्हणाला. दम लागत होता म्हणून तुकड्या-तुकड्याने. "आईने विचारलं, हिने विचारलं, मामांनी विचारलं. मी एकदाही विचारलं नाही. लक्षात आलं का तुझ्या?"

धाकट्याने मान हलवली.

"मुद्दामच नाही विचारलं. मी विचारलं असतं, तर तू मला खरं सांगितलं असतंस. मला ते नको होतं."

अध्यक्षांनी शिफारशीचा कागद उलटा करून ठेवला. ताईंना उद्देशून ते म्हणाले, "तुम्ही कामावर या." ताईंनी विचारलं, "उद्यापासून?" ते म्हणाले, "आत्तापासून." समन्वयकाला त्यांनी बसून राहायला सांगितलं. त्याचा निकाल वेगळा लागणार होता, आणि तो हलका नसणार हे त्यालाही कळत होतं. तरी सहा आठवड्यांचं ओझं उतरल्यासारखा तो बसला होता.

थोरल्याने खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठायचा प्रयत्न केला. जमलं नाही. बायको पुढे सरसावली, पण त्याने तिला हाताने थांबवलं आणि तोच हात भावापुढे केला.

"चल, उठव मला," तो म्हणाला. "डायलिसिसची वेळ झाली. आज तू बस माझ्याजवळ."